जुन्या पिठाची गाठ

माणसांची खानेसुमारी होते, वाघांची होते, झालंच तर चिमण्यांचीही होते. पण आंबवलेल्या पिठाची खानेसुमारी निघालीय हे ऐकलं आणि भुईगावची लुद्विना तुस्कानो कपाळाला हात लावून बसली. तिचा नवरा इनास मात्र खूश. "आपल्या पिठाला रेशनकार्ड मिळतं का विचार," म्हणाला, आणि स्वतःच खोखो हसला.

पांढरी गाडी चर्चच्या मैदानात येऊन उभी राहिली होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'किण्वगणना'. किण्व म्हणजे आपलं यीस्ट. डोळ्यांना न दिसणारे एका पेशीचे जीव. पिठातली साखर खातात, हवा सोडतात, आणि पीठ फुगतं. घराघरांत पिढ्यान्पिढ्या सांभाळलेली यीस्टची वाणं जगभर भराभर नाहीशी होत होती, तेव्हा उरलीत किती ते एकदा मोजून घ्यावं, असा हा कारभार. गाडीबरोबर आलेली मुलगी नाशिककडची, तनिष्का गवांदे नावाची. ती दारोदार फिरून भांड्यातलं पीठ चिमूटभर मागून नेत होती.

वसईच्या कुपारी ख्रिस्ती घरांत लग्न म्हटलं की फुगे, म्हणजे कढईत तळलेले गोल मऊ पाव, आलेच. मैदा, अंडी, नारळाचा रस, आणि फुगवायला नारळाच्या झाडाची माडी नाहीतर मागच्या खेपेचं राखून ठेवलेलं जुनं पीठ. लुद्विनाच्या माहेरी त्या जुन्या पिठाची एक रीत होती. लेकीनं लग्नाचा झगा उतरवला, साडी नेसली, की निघण्याआधी आई तिच्या पदरात पिठाचा एक गोळा बांधायची. बांधताना म्हणायचं वाक्यही ठरलेलं: "सैल बांधते गं, वाढायला जागा हवी." लुद्विनाच्या आईनं तिच्या पदरात तसंच बांधलं होतं. त्या पिठाला पिकलेल्या राजेळी केळ्याचा वास यायचा. अख्ख्या गावात तसा वास दुसऱ्या कुणाच्या पिठाला नव्हता, आणि लुद्विना हे सांगायला कधी विसरत नसे.

मग आता पिठाचं नाव काढलं की ती विषय का टाळायची? कारण ठाऊक होतं ते फक्त तिला. काही वर्षांपूर्वी चर्चच्या सणाला फुगे करायचे होते, माडी आली नाही, मडक्यातलं पीठ सुस्तावलं होतं आणि दारात माणसं येऊन उभी. घाईघाईत तिनं दुकानातली यीस्टची गोळी आणली आणि मडक्यात टाकली. फुगे टरारून फुगले, लोकांनी वाहवा केली. पण त्यानंतर केळ्याचा वास काही परत आला नाही. गावकरी अजूनही म्हणत, "लुदूमावशीच्या जुन्या पिठाची सर कशालाच नाही." ती मान डोलवायची आणि आत जाऊन उगाच भांडी घासायची.

"मावशी, पीठ?" तनिष्का दारात उभी होती.

लुद्विनानं मडकं पुढे केलं. मुलीनं चिमूटभर पीठ जेवणाच्या डब्याएवढ्या यंत्रात टाकलं. पेशीत जनुकांचा जो मजकूर असतो तो हे यंत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतं, आणि कुठलं वाण कुणापासून फुटलं, किती काळापूर्वी फुटलं, ते सांगतं. चहा पिऊन होईपर्यंत त्याचं वाचून झालं. तनिष्कानं पडद्याकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"मावशी, हे गोळीचंच आहे."

"एकदाच टाकली होती गं," लुद्विना म्हणाली. तिचे कान तापले होते.

"एकदाच पुरते. गोळीतलं वाण मारेकरी आहे. ते विष सोडतं. त्याला स्वतःला बाधत नाही, पण शेजारचं यीस्ट मरतं. रानातही असली वाणं असतात, कंपन्यांनी तो गुण मुद्दाम उचलून घातला. एकदा भांड्यात शिरलं की चार खेपांत जुनं वाण साफ. तुमचं एकटीचं नाही हो, मी आलेय तेव्हापासून घर नि घर हेच बघतेय."

इनास दारातून ऐकत होता. "म्हणजे इतकी वर्षं मी कारखान्याचे फुगे खाऊन तुझी तारीफ करत होतो?"

"गप बसा तुम्ही!" लुद्विना कडाडली, आणि लगेच तिचे डोळे भरून आले. आईचं पीठ आपल्या हातानं मारलं, हे आजवर तिनं मनातसुद्धा स्पष्ट म्हटलं नव्हतं. आता एका परक्या पोरीनं ते चहाच्या कपासमोर म्हणून टाकलं.

तनिष्का गडबडली. मग मडक्यावरून बोट फिरवत म्हणाली, "हे मडकं किती जुनं?"

"माझ्या आईचं."

"मग थोडी माती खरवडू? मातीच्या छिद्रांत मेलेल्या पेशींचे तुकडे अडकून राहतात. जिवंत काही मिळणार नाही. पण ते वाण कसं होतं, हे तरी कळेल."

लुद्विनानं मडकं रिकामं करून तिच्याकडे सरकवलं. मेलेल्याचा दाखला काढून काय करायचं, असं तिच्या मनात आलं.

दोन-तीन दिवसांनी तनिष्का धावतच आली. पायांतल्या चपलांसकट स्वयंपाकघरात शिरली आणि ओशाळून परत बाहेर ठेवून आली.

"मावशी, तुमचं पीठ जिवंत आहे!"

"कुठे?"

"अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, पॅटागोनियात. तिथल्या गणनेत एका घरातलं पीठ सापडलंय, ते तुमच्या मडक्याच्या मातीतल्या जुन्या वाणापासून फुटलेलं आहे. यंत्रानं दोन्ही जुळवली. तिथं तुमचं कुणी आहे का?"

लुद्विना पाटावर बसली. पॅटागोनियात तिची लेक होती.

ब्रिजिता मुंबईत नर्स होती. बोटीवरचा एक इंजिनियर, मातेओ, ताप येऊन इस्पितळात पडला, बरा झाला, आणि बरा झाल्यावरही येत राहिला. लुद्विनाला तो माणूस वाईट वाटला नव्हता. त्याचं गाव नकाशात बघितलं तेव्हा तिच्या काळजात चर्र झालं. त्याच्या खाली नुसता बर्फ होता. एकुलती एक पोर तिथं गेली की पुन्हा दिसणार कधी? मग ती नाही नाही ते बोलली, आणि लग्नाच्या दिवशी चर्चला न जाता मडक्याची खोली कुलूप लावून बंद केली. पीठ दिलं नाही तर पोरीचा पाय निघणार नाही, असं तिला खरोखर वाटलं होतं. ब्रिजितानं साडी नेसून, पदर हातात धरून बराच वेळ ओट्यावर वाट पाहिली. मग ती गेली.

त्यानंतर नाताळला फोन यायचा तो इनासला. तो ओट्यावर जाऊन बोलायचा, आणि लुद्विना दाराआड रिकाम्या कढईत झारा फिरवत उभी राहायची. फोन ठेवल्यावर ती विचारायची, "काय म्हणत होती?" तिकडे ती पोरही फोन ठेवण्याआधी नेमकं हेच विचारायची, "आई काय म्हणते?" दोघी एकमेकींना थेट काही विचारत नव्हत्या. विचारायचं मात्र सगळंच राहून गेलं होतं.

"कसं जगलं तिथं?" लुद्विनानं विचारलं. "आमचं पीठ उन्हातलं. जरा गारठा पडला तर दोन दिवस हलत नाही."

"तेच तर!" तनिष्का पाटापाशीच मांडी घालून बसली. "तिथल्या रानातल्या झाडांवर एक रानटी यीस्ट राहतं, थंडीला न घाबरणारं. गांधीलमाशी इथलं तिथं नेते, तिच्या पोटात दोन वाणांची गाठ पडते. तसंच काहीतरी झालं असणार. तुमच्या आईचं वाण आणि तिथलं रानटी वाण यांचा संकर झालाय. अर्धं तुमचं, अर्धं तिथलं. म्हणून ते बर्फात टिकलं. आणि गंमत म्हणजे, त्या रानटी बाजूनं आलेल्या एका जनुकामुळे गोळीचं विषही त्याला बाधत नाही."

"अर्धं तिथलं," लुद्विना पुटपुटली.

"आणखी एक आहे. पेशीतून नवी पेशी फुटताना दर वेळी मजकूर नकलून घ्यावा लागतो, आणि नकलताना मधूनमधून एखादं अक्षर चुकतं. त्या चुका साचत जातात. त्यावरून पीठ किती पिढ्या वाढलं, त्याला खाणं वेळच्या वेळी मिळालं का, याचा अंदाज येतो. या पिठाला कुणीतरी न चुकता खाऊ घातलंय, मावशी. इतकी वर्षं. फक्त एकदा ते मरता मरता वाचलं."

"म्हणजे?"

"एकदा फार थोड्या पेशी उरल्या होत्या. आजचं सगळं पीठ त्या मूठभरांतून वाढलंय. साधारण आठ-नऊ वर्षांपूर्वी. बरेच दिवस त्याच्याकडे कुणी बघितलंच नसणार."

लुद्विनानं मान वर केली. त्या वर्षी नाताळला फोन आला नव्हता. तिनं इनासकडे पाहिलं. इनास खिडकीबाहेर बघायला लागला.

"काय झालं होतं तेव्हा?"

"आजारी होती."

"खरं सांगा."

"बाळ गेलं तिचं. पोटातच." इनासचा आवाज बसला. "तुला सांगू नका म्हणाली. म्हणाली, आई म्हणेल, बघ, मी सांगत होते."

लुद्विनानं स्वतःलाच विचारून पाहिलं. आपण तसं म्हटलं असतं का? म्हटलंही असतं. आपल्या पोरीनं आपल्याला नीट ओळखलंय, हेच तिला सोसवेना. ती पदर तोंडाशी धरून रडली, आणि तनिष्काला कुठे बघावं ते कळेना.

"मावशी," ती जरा वेळानं म्हणाली, "यीस्टच्या पेशींना आम्हीही आई आणि लेकच म्हणतो. आईच्या अंगावर फुगवटा येतो, वाढतो, आणि लेक होऊन सुटतो. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर जिथून लेक सुटली तिथं आईच्या अंगावर वण दिसतो. तो कधीच बुजत नाही. जितक्या लेकी तितके वण."

"आणि लेकीला?"

"तिलाही एक असतो. जन्माचा."

बोलून झाल्यावर तिनं यंत्र पुढे ओढलं. "प्रत्येक घराला आम्ही विचारतो, पीठ कुणाकडून आलं. तिथलं उत्तर ऐकायचं?" लुद्विनानं मान हलवली, आणि स्वयंपाकघरात ब्रिजिताचा आवाज आला. जरा जाडावलेला, पण तिचाच. ती आपल्या कुपारी बोलीतच बोलत होती: "हे माझ्या आईनं दिलं. लग्नात. पदरात बांधून."

"खोटं बोलते ती!" लुद्विनाच्या तोंडून निघून गेलं. "मी नाही दिलं!"

तनिष्काचा चेहरा उतरला. तिनं घाईघाईनं यंत्र बंद केलं. "मावशी, हे मी ऐकलं नाही असं समजते. पण आता नीट ऐका. नवा कायदा आहे. देणाऱ्याच्या मर्जीशिवाय देशाबाहेर नेलेलं वाण चोरीचं धरतात. रविवारी गाडी निघण्याआधी मला तुमची साक्ष नोंदवावी लागेल. तुम्ही दिलं म्हणालात तर ते तिचं. नाही म्हणालात तर तिथलं पीठ जप्त होईल, ते इथं येईल. आमची संस्था त्यातला रानटी भाग काढून तुमच्या आईचं मूळ वाण जसंच्या तसं तुम्हाला देईल."

"जसंच्या तसं?"

"हो. बंद काचपेटीत ठेवावं लागेल, नाहीतर इथल्या हवेत पसरलेल्या गोळीच्या वाणानं ते मरेल. पण फुगे होतील. तोच वास."

"आणि तिच्याकडचं?"

"नष्ट करतील," तनिष्का म्हणाली.

ती गेल्यावर लुद्विना इनाससमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कुलूप तिनंच लावलं होतं आणि किल्ली तिच्याच कमरेला होती. "कुणी दिलं तिला पीठ?"

इनासनं आधी कानांवर हात ठेवले. मग त्याच हातांनी डोकं खाजवलं. "खिडकीचा गज सैल होता," म्हणाला. "हात घालून काढलं. पण मला कुठे ठाऊक बांधायचं कसं? रुमालात घेतलं आणि सांडू नये म्हणून दणकून गाठ मारली. विमानतळावर जाईपर्यंत फुगून रुमाल फाटला. मातेओचा कोट, गाडीची गादी, सगळीकडे पीठच पीठ. पोर रडत होती आणि रडता रडता हसत होती. कोटावरचं खरवडून तिनं डबीत भरलं."

"गाठ सैल बांधायची असते हो," लुद्विना म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ते आवरावं की रडावं ते समजत नव्हतं. "एवढंसुद्धा कळू नये माणसाला!"

"पोरीच्या लग्नात तूच नव्हतीस ना सांगायला," इनास म्हणाला. टोमणा नव्हता तो, पण लागायचा तिथं लागला.

रविवारपर्यंत लुद्विनाला चैन पडेना. तिनं रिकामं मडकं नाकाशी धरून पाहिलं. नुसत्या ओल्या मातीचा वास. केळ्याचा तो वास पुन्हा एकदा यावा, आईनं कढईतून काढलेला पहिला फुगा हातावर नाचवत खावा, यासाठी तिचा जीव किती आसुसला होता हे तिचं तिलाच ठाऊक. एक खरं वाक्य बोललं की ते सगळं परत मिळणार होतं. खोटं बोलायचं तर पुढच्या वेळी फादरसमोर गुडघे टेकून ते कबूल करावं लागणार. आणि खरं बोललं की तिकडे त्या थंडीत कुणीतरी सरकारी माणूस ब्रिजिताच्या स्वयंपाकघरात शिरणार, आणि बाळ गेल्यावरही जे तिनं मरू दिलं नव्हतं ते उचलून नेणार. आपण एकदा कुलूप लावलं होतंच. आता पुन्हा लावायचं?

रविवारी चर्चमधली मिस्सा संपली. माणसं मैदानात रेंगाळत होती. पांढऱ्या गाडीचं दार उघडं होतं आणि तनिष्का सामान आवरत होती. लुद्विना तडक तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. इनास मागे, टोपी हातात घेऊन.

"घे माझी साक्ष."

तनिष्कानं यंत्र पुढे धरलं. "तुमचं उत्तर तिथं पीठ सांभाळणाऱ्यांनाही ऐकवलं जातं," ती हळूच म्हणाली. मग मोठ्यानं, नेहमीच्या ठराविक शब्दांत विचारलं, "हे पीठ तुम्ही आपल्या मर्जीनं दिलंत का?"

लुद्विनानं घसा साफ केला. समोर क्रूस दिसत होता. तिनं त्याच्याकडे पाठ केली.

"हो. मीच दिलं. माझ्या हातानं, माझ्या लेकीच्या पदरात बांधून. कुणी चोरलं नाही." ती थांबली. यंत्राचा दिवा चालूच होता. "गाठ तेवढी घट्ट बसली. ती माझी चूक. वाढायला जागा ठेवायची असते, ती मी ठेवली नाही. ब्रिजिता, ऐकतेस ना गं? पीठ तुझंच. आहे तसं. त्यातलं तिथलं अर्धं काढायचं नाही कुणी."

तनिष्कानं दिवा बंद केला. इनासनं टोपी डोक्यावर घातली आणि पुन्हा काढली. गाडी निघून गेली.

मग नुसतं थांबणं आलं. लुद्विनानं मडकं चुलीवर तापवून, उकळत्या पाण्यानं घासून ओट्यावर उन्हात ठेवलं. लग्नसराई आली, फुग्यांसाठी माणसं दारात आली. तिनं स्पष्ट सांगितलं, जुनं पीठ नाही माझ्याकडे, कधीच संपलं. काहींनी नाकं मुरडली. तिनं ते अंगाला लावून घेतलं नाही. इनासचा फोन वाजला की मात्र तिचा झारा हवेतल्या हवेत थांबायचा. फोन भलत्यांचेच असायचे.

एका दुपारी फोन वाजला, आणि इनास ओट्यावर न जाता सरळ आत आला. त्यानं तो लुद्विनाच्या पिठाळ हातात दिला.

तिनं कानाला लावला. पलीकडे वारा वाहत होता आणि कुणीतरी श्वास घेत होतं.

"आई," ब्रिजिता म्हणाली, "गाठ फारच घट्ट होती गं."

"हो गं बाय."

"मातेओचा कोट वाया गेला."

"कळलं मला." लुद्विनाचे गाल ओले झाले होते, पुसायला हात मोकळा नव्हता. "अजून वास येतो का गं त्याला? केळ्याचा?"

"येतो. थोडा रानाचाही येतो." पलीकडे पुन्हा वारा. मग ब्रिजिता म्हणाली, "नाताळला घेऊन येतेय. पदर धुऊन ठेव, आई. या वेळी मी बांधीन. सैल."